मांजराच्या नाकावरची खपली आणि मागच्या गल्लीतले कूलर

मांजराच्या नाकावर फोड, लाली, खपली असं काहीही दिसलं की घरातलं कुणीतरी मलमाची ट्यूब घेऊन येतं. ती ट्यूब आधी बाजूला ठेवा, एवढं सांगण्यासाठी मी आज लिहायला बसले आहे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या बोक्याचं नाक बिघडलं आणि मग बरंही झालं. तेव्हापासून गल्लीत किंवा नात्यात कुणाच्या मांजराच्या तोंडावर काही उठलं की मला व्हॉट्सॲपवर फोटो येतो आणि खाली प्रश्न, "तुम्ही काय लावलं होतं?" नाकाला मी काहीही लावलं नव्हतं. यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

बोक्याचं नाव ढेमसू. पिल्लू असताना ढेमशासारखा गोल होता म्हणून लेकीनं ठेवलेलं. आता चारेक वर्षांचा आहे, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. राखाडी अंगावर काळे पट्टे, नाक विटकरी गुलाबी आणि त्याच्या कडेनं बारीक काळी रेघ. आम्ही नागपुरात रेशीमबागेजवळ राहतो, घर जुनं आणि बैठं. मी घरीच शिवणकाम करते: ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळा उघडायच्या दिवसांत गणवेश. मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी आहे आणि खिडकीच्या कट्ट्यावर ढेमसूची जागा. मशीन चालू असली की तो झोपतो, थांबली की डोळे उघडून माझ्याकडे बघतो. म्हणजे दिवसातले कितीतरी तास त्याचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर असतं, आणि त्यामुळेच त्याच्या नाकावरचा फरक अगदी सुरुवातीला दिसला.

जुलैचे दिवस होते. नाकाचा ओला, बिनकेसांचा भाग जिथे संपतो आणि वर बारीक केस सुरू होतात, नेमक्या त्या जागी मोहरीएवढे दोन-तीन उंचवटे आले. आधी वाटलं कुठेतरी घासलं असेल. पण काही दिवसांत तिथले केस विरळ झाले, उंचवट्यांतून पिवळसर पाणी सुटलं आणि ते वाळून खपली धरली. तो पुढच्या पंजानं नाक घासायचा, खपली निघायची, खाली लालभडक कातडी, की परत पाणी. रफू करताना वापरते ते भिंग घेऊन मी बघितलं. निरोगी मांजराच्या नाकाची कातडी गुळगुळीत नसते, दाणेदार असते, आणि त्या दाण्यांची नक्षी प्रत्येक मांजराची निराळी असते. ढेमसूच्या नाकाच्या वरच्या कडेला ते दाणेच दिसेनासे झाले होते. तेवढा पट्टा सपाट, फिकट आणि मधोमध सुईच्या टोकाएवढी जखम. कानांच्या बाहेरच्या बाजूलाही, जिथे केस अगदी आखूड असतात, तिथे हाताला खरखर लागत होती.

आता घरात सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, "हयद अन् खोबरेल लावून पाय ना वो, दोन दिवसांत खपली झडते." शेजारच्या काकूंनी मुलाच्या खाजेचं उरलेलं मलम आणून दिलं. मेडिकलवाल्यानं विचारण्याआधीच एक ट्यूब पुढे केली. सगळ्यांना ढेमसूची काळजीच होती, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण मांजराच्या नाकाला मलम लावून बघा: ट्यूबचं झाकण लागायच्या आत त्याची जीभ नाकावर फिरलेली असते. नाकाला लावलेलं प्रत्येक औषध हे पोटात दिलेलंच औषध आहे. आणि आपल्या घरातली बरीच मलमं मांजराच्या पोटात जाण्याजोगी नसतात.

कॅलामाइनमध्ये, बाळाच्या लंगोटाच्या पुरळावरच्या क्रीममध्ये, कितीतरी अँटिसेप्टिक मलमांत झिंक ऑक्साइड असतं. ते चाटून पोटात गेलं की उलट्या होतात आणि जास्त गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशींवर परिणाम होतो. दुखण्यावरच्या बाममध्ये कापूर आणि मिथाइल सॅलिसिलेट असतं, तेही नको. फरशी किंवा जखम धुवायचं जे उग्र वासाचं, पाण्यात टाकलं की पांढरं होणारं जंतुनाशक असतं, ते तर अजिबात नको. फिनॉल जातीची रसायनं पचवून बाहेर टाकायची सोय मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. याच कारणानं पॅरासिटामॉलची गोळी, जी आपण लहान मुलालाही देतो, ती मांजराचा जीव घेऊ शकते. टी ट्री तेल "नैसर्गिक" म्हणून लोक लावतात, तेही विषारीच. राहिलं ते तिहेरी मलम, ज्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. ते लावलं आणि नाकावर नायटा असला, तर स्टिरॉइडमुळे वरून लाली बसते आणि आत बुरशी पसरत राहते. पुढे डॉक्टरलाही नेमकं काय होतं ते ओळखू येत नाही.

हळद तेवढी घातक नाही, हे खरं. पण पिवळ्या लेपाखाली लाली किती, फिकट किती, काही कळत नाही. लेप वाळला की ओढ बसते आणि मांजर नाक आणखी घासतं. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं, मंग डाक्टरले दाखव, पण लवकर दाखव." ते मात्र त्यांचं अगदी बरोबर होतं.

सेमिनरी हिल्सवर आपलं नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1958 सालचं. 2000 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही नागपुरातच आहे. शहरात राहून कित्येकांना हे माहीत नसतं की कॉलेजला जोडून जनावरांचा दवाखाना आहे आणि तिथे मांजरंही तपासतात. टोपलीवर जुनी ओढणी बांधून ढेमसूला घेऊन गेले. ओढणी मुद्दाम सांगते: मांजराला बाहेरचं दिसलं नाही की ते खूप कमी घाबरतं, आणि दवाखान्यात शेजारी कुत्रे, शेळ्या सगळेच असतात.

डॉक्टर मॅडमनी नाकाला हात लावायच्या आधी बराच वेळ प्रश्न विचारले. खाजवतो का? शिंकतो का, डोळ्यांतून पाणी येतं का? मांजरांचा हर्पिसचा विषाणू असतो, त्यानंही नाकावर, चेहऱ्यावर व्रण येतात, पण सोबत बहुतेक सर्दी-डोळे असतात. घरात कुणाच्या अंगावर गोल चट्टे उठलेत का? नायटा मांजराकडून माणसाला आणि माणसाकडून मांजराला जातो. खाण्याचं भांडं प्लॅस्टिकचं आहे का? प्लॅस्टिक-रबराच्या भांड्यानं काही मांजरांच्या नाकाचा रंग उडतो, हनुवटीवर काळे दाणे येतात. आमच्याकडे स्टीलची वाटी होती. मागच्या वर्षीही याच दिवसांत झालं होतं का? या प्रश्नावर मी थांबले. आदल्या पावसाळ्यात कानावर बारीक खपल्या आल्या होत्या आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप गेल्या होत्या, हे मला तिथे बसल्यावर आठवलं.

मग त्या म्हणाल्या, "ताई, याचे पंजे बघितले का?" नाकासाठी आणलेल्या बोक्याचे पंजे बघायचे, हे मला सुचलंही नसतं. पुढच्या उजव्या पायाची एक गादी सुजलेली आणि कडेला फिकट होऊन तडकलेली होती. नाकाची वरची कड, कानाची पाठ, पायाची गादी. तिन्ही जागा अशा की जिथे केस नाहीत किंवा अगदी आखूड आहेत.

तपासण्या फार मोठ्या नव्हत्या. कानाची कड खरवडून काचेवर घेतली, खरजेचे किडे आहेत का ते बघायला. मांजरांतली एक खरूज कानाच्या कडेपासूनच सुरू होऊन चेहऱ्यावर उतरते. मग खोलीत अंधार करून निळ्या-जांभळ्या दिव्याखाली नाक धरलं. नायट्याची बुरशी असली तर त्या उजेडात केस हिरवट चमकू शकतात. चमकले नाहीत. पण प्रत्येक नायटा चमकतोच असं नसतं, म्हणून थोडे केस उपटून कल्चरला ठेवले. बुरशी उगवायला दोन-तीन आठवडेही लागतात, तोवर वाट बघावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी म्हणजे खपलीची एक कड हलकेच उचलून तिच्या खालच्या ओलसर भागावर काच टेकवली, रंग घालून वाळवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

मला बघायचंय म्हटल्यावर मॅडमनी बघू दिलं. काचेवर पेशी पसरलेल्या होत्या, मध्ये जांभळं केंद्र आणि त्याच्याभोवती गुलाबी-लाल दाणे खच्चून भरलेले. त्यांना इओसिनोफिल म्हणतात. शरीराला ॲलर्जी झाली किंवा परजीवींशी झुंज लागली की या पेशी तिथे गोळा होतात. एकेक दाणा मोजता येईल इतका स्वच्छ दिसत होता. एवढ्याशा खपलीखाली एवढी गर्दी उसळलेली, आणि आम्ही वरून खोबरेल लावायच्या गोष्टी करत होतो.

"मच्छर," मॅडम म्हणाल्या. "याला मच्छराच्या लाळेची ॲलर्जी आहे." मच्छर सगळ्याच मांजरांना चावतात, पण काही मांजरांच्या शरीराला मच्छराची लाळ सोसत नाही. चावलेल्या जागी गांध येते, मग उंचवटा, मग पाणी आणि खपली. अंगावर दाट केस असतात, तिथे मच्छराची सोंड पोचायला त्रास होतो. नाकाची धार आणि कान उघडे पडतात. माणसाला चावला तर आपण खाजवून विसरतो. अशा मांजराला रोज रात्री पुन्हा पुन्हा त्याच जागी चावत राहतात आणि जखम भरायला फुरसतच मिळत नाही. सासूबाईंना घरी येऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी तं कवाच म्हटलं होतं, मच्छर चावले असतीन त्याले." खरंच म्हणाल्या होत्या, हळदीच्या गोष्टीच्या आधी, पण आम्ही सगळे खपलीकडेच बघत होतो.

मॅडमनी एक गोष्ट बजावली: इओसिनोफिल दिसले म्हणजे मच्छरच, असं नुसत्या काचेवरून ठरत नाही. पिसवांच्या, खाण्याच्या ॲलर्जीतही त्या पेशी दिसतात. जागा, मोसम आणि काच, तिन्ही जुळतात म्हणून मच्छराचा दाट संशय. खात्री करायचा मार्ग एकच, याला आठवडाभर एकही मच्छर चावू द्यायचा नाही. नाक सुधारलं तर कारण सापडलं आणि उपायही तोच. त्या आठवड्यात गोळी नाही, मलम नाही. खपली ओढायची नाही. फार चिकट झालं तर उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात सपाट लहान चमचाभर मीठ घालून त्या पाण्याचा कापूस नुसता टेकवायचा, घासायचा नाही. आणि चारही पायांच्या नखांची टोकं कापायची, म्हणजे घासलं तरी जखम खोल जाणार नाही.

एकही मच्छर नाही! भर पावसाळ्यात, रेशीमबागेत, जिथून नाग नदी लांब नाही. आणि मच्छर मारायची बाजारातली साधनं मांजराच्या घरात डोळे मिटून वापरता येत नाहीत, हेही मॅडमनी सांगितलं. पर्मेथ्रिन नावाचं औषध कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायच्या थेंबांत असतं, काही फवाऱ्यांतही असतं. कुत्र्याला चालतं, मांजराला नाही. कुत्र्याची कुपी मांजराच्या मानेवर ओतली तर थरथर, लाळ, झटके येऊन मांजर दगावू शकतं. तुमच्याकडे कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर हे वाक्य कपाटावर चिकटवून ठेवा. असं चुकून झालंच तर एक मिनिटही न थांबता डॉक्टर गाठा. अंगाला लावायचं मच्छरांचं माणसांचं क्रीमही मांजराला लावायचं नाही. नीलगिरी, सिट्रोनेला यांची तेलं नकोत. कडुनिंबाचा धूर आमच्याकडे दिवेलागणीला व्हायचा, तो बंद केला, कारण धूर मांजराच्या छातीला सोसत नाही. उरली फक्त जाळी आणि पाणी.

जाळीचं काम माझ्या हातचं होतं. मच्छरदाणीची नायलॉनची जाळी मांजराच्या घरात टिकत नाही, पहिल्याच दिवशी नखात अडकून फाटते, आणि एका बोटाएवढं भोक पडलं की जाळी असून नसल्यासारखी. इतवारीतून बारीक विणीची स्टीलची जाळी आणली, खिडकीच्या मापाची कापून घेतली. तिच्या कडा हाताला टोचतात, आणि मांजराच्या तोंडाला लागल्या तर आणखी एक जखम. म्हणून गांधीबागेतून कॅनव्हास आणलं, त्याची चार बोटं रुंद पट्टी काढली, दुहेरी दुमडून त्यात जाळीची कड घेतली. हे मशीनवर होत नाही, तारेवर सुई तुटते. दाभण आणि जाड मेणाचा दोरा घेऊन हातानंच टाके घातले. पट्टीच्या मागे वेल्क्रोची एक बाजू मशीनवर शिवून ठेवली होती, कॅनव्हासला अठरा नंबरची सुई लागते. दुसरी बाजू खिडकीच्या चौकटीवर चिकटवली, चिकटपणावर भरवसा नको म्हणून वर बारीक खिळे मारले. जाळी अशी बसली पाहिजे की चारही बाजूंनी बोट फिरवलं तर कुठेही हवेची फट लागत नाही. जुन्या घरांत खिडकीची चौकट कुठेच काटकोनात नसते. एका कोपऱ्यात मला कॅनव्हासची वेगळी पाचर शिवून घालावी लागली.

दाराचं काय, हा प्रश्न होताच, कारण माझ्याकडे गिऱ्हाइकांची ये-जा असते. आठवडाभर ढेमसूला आतल्या खोलीत ठेवलं आणि त्या दारावर जाड पडदा लावला, खाली फरशीला टेकेल असा, तळाशी दुमडीत वाळूची बारीक नळी घालून. दिवेलागणीच्या आधी आणि पहाटे दारं बंद. डेंग्यूचा मच्छर, म्हणजे पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी जास्त. गटारातल्या पाण्यात होणारा मच्छर रात्रीचा. ढेमसू दिवसा कट्ट्यावर, रात्री वऱ्हांड्यात झोपायचा. दोघांनाही तो सापडत होता.

आणि पाणी. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर. पारा 45 अंशांच्या पुढे गेला की खिडकीखिडकीत लोखंडी स्टँडवर कूलर बसतो, ताट्या बदलतात, टाकीत पाणी भरत राहतं. मृगाचा पाऊस आला, हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो. पण तो अवजड डबा उतरवायला दोन माणसं लागतात, म्हणून कित्येक घरांत तो तिथेच राहतो. टाकीच्या तळाशी चार बोटं पाणी, त्यात पावसाची भर, वर सावली. मच्छराला याहून चांगली जागा कुठली? आमचा कूलर पाऊस लागताच उतरवून, धुऊन, वाळवून माळ्यावर गेला होता. पण माझ्या शिवणखोलीच्या मागच्या गल्लीत एका रांगेत कूलर लटकलेले होते, आणि ढेमसूची खिडकी त्यांच्या बरोबर समोर. डेंग्यूचा मच्छर फार लांब उडत नाही. आपल्याला चावणारा बहुतेक वेळा आपल्याच आसपासच्या पाण्यात जन्मलेला असतो.

महापालिकेचे लोक पावसाळ्यात टॉर्च घेऊन कूलर, टाक्या, कुंड्या बघत फिरतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात. त्या आठवड्याच्या हिशोबामागे कारण आहे. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा मच्छर तयार व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणजे दर आठवड्याला पाणी मोडलं तर अळी मच्छर होऊच शकत नाही. पण नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं. डेंग्यूचा मच्छर अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटवतो. ती अंडी कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात. पुढच्या वर्षी पाणी भरलं की त्यातूनच अळ्या. म्हणून टाकीच्या भिंती काथ्यानं खरडून घासायच्या आणि मगच कूलर वाळवायचा.

मी मागच्या गल्लीत घरोघरी गेले. मांजरासाठी कूलर रिकामा करा असं कसं सांगावं, हा संकोच होता, पण सांगितलं. एका घरच्या वहिनींनी झाकण उघडलं आणि टॉर्च मारला तर पाण्यात काळ्या बारीक अळ्या वळवळत होत्या, उजेड पडताच झपकन तळाशी गेल्या. वहिनी बघतच राहिल्या. म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आल्या, आमच्या पोट्ट्याले मागच्या साली डेंगू झाला होता. प्लेटलेट पायता पायता जीव गेला होता आमचा." त्याच दुपारी त्यांच्या मुलानं तळाचं बूच काढून टाकी मोकळी केली, घासली आणि शेजारच्या दोघांच्याही करून दिल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापीडेच्या पुतळ्याची मिरवणूक, निघते, तेव्हा सगळं शहर इडापीडा घेऊन जा म्हणून ओरडतं. सासूबाईंनी त्या सकाळी दारात उभं राहून "माशा-मच्छर घेऊन जा गे मारबत" म्हटलं आणि आत येऊन ढेमसूच्या पाठीवरून हात फिरवला. मला त्या दिवशी त्या हाकेचा अर्थ फार जवळचा वाटला.

आतल्या खोलीतला तो आठवडा ढेमसूला आवडला नाही. दाराशी बसून ओरडायचा. मी हातशिलाईचं काम घेऊन आत बसायचे. पण नाक बोलायला लागलं. आधी पाणी सुटायचं थांबलं. खपली कोरडी झाली आणि कडेनं स्वतःहून उचलली गेली, खाली लाल कातडीऐवजी गुलाबी. कानांची खरखर कमी झाली. रोज सकाळी एकाच जागी, एकाच उजेडात मी मोबाइलवर फोटो काढत होते. हे तुम्हीही करा, कारण रोज बघणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही आणि डॉक्टरला "बरं वाटतंय" यापेक्षा फोटो जास्त सांगतो. केसांच्या कल्चरमध्येही पुढे बुरशी उगवली नाही.

पायाची गादी मात्र हट्टी निघाली. चालताना वजन पडतं, तडा मिटत नव्हता. त्यासाठी मॅडमनी प्रेडनिसोलोन नावाचं स्टिरॉइड दिलं, थोड्या दिवसांसाठी, आणि मग मात्रा उतरवत बंद केलं. स्टिरॉइड म्हटलं की लोक घाबरतात किंवा उलट, चटकन गुण येतो म्हणून मनानंच परत आणतात. दोन्ही नको. ते मधेच एकदम थांबवायचं नसतं, मांजर जास्त पाणी पितंय का, जास्त लघवी करतंय का यावर लक्ष ठेवायचं, कारण लांबलं तर मधुमेह होऊ शकतो. गोळी कडू असते, फोडून दुधात घालाल तर मांजर दूधच सोडेल. कोंबडीच्या कलेजीच्या तुकड्यात खोच पाडून आख्खी गोळी आत सरकवायची, आधी एक साधा तुकडा, मग गोळीचा, मग लगेच परत साधा. दसऱ्यापर्यंत नाकावर केस परत आले. दाणेदार नक्षीही बरीचशी भरून आली, एक फिकट ठिपका राहिला आहे.

आता जाळी कायमची आहे, आणि यंदा पाऊस पडायच्या आत मागच्या गल्लीतले सगळे कूलर उतरले. ही ॲलर्जी जात नाही. मच्छर चावले की नाक परत फुलणार, हे धरूनच चालायचं.

पण नाकावर खपली म्हणजे मच्छरच, असं माझं वाचून कुणी ठरवू नये, म्हणून शेवटी पांढऱ्या मांजरांबद्दल लिहितेच. ज्यांच्या नाका-कानाला रंग नसतो, गुलाबी कातडी आणि वर पांढरे केस, त्यांना ऊन फार बाधतं. वर्षानुवर्षं उन्हात बसून कानाची टोकं, पापण्या, नाक इथे आधी नुसती लाली, मग सारखी खपली, मग न भरणारी जखम होते, आणि ती कातडीचा कॅन्सर असू शकते. लवकर कळलं तर तो भाग काढून टाकून मांजर वाचतं. नारिंगी मांजरांच्या नाकावर तपकिरी सपाट ठिपके येतात, ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. पण जो भाग उंच होतो, रक्ताळतो, आठवडे उलटले तरी भरत नाही, त्याला भिंग लावून बघत बसू नका.

हे सांगायचं कारण, वहिनींच्या वरच्या मजल्यावर एक पांढरीशुभ्र मांजर आहे, दिवसभर गच्चीच्या कठड्यावर असते. ढेमसूचं ऐकून तिच्या मालकीणबाईंनीही जाळी लावली, टाकी कोरडी केली, आणि नाकावरची जखम मच्छराचीच म्हणून हिवाळ्यापर्यंत थांबायचं ठरवलं होतं. थंडी आली, मच्छर गेले, जखम होती तिथेच होती, उलट कडा जाड झाल्या. मी त्यांच्या मागेच लागले. शेवटी परवा आम्ही दोघी मिळून तिला सेमिनरी हिल्सला घेऊन गेलो, बायोप्सीसाठी तुकडा घेतला आहे. रिपोर्ट यायचा आहे. तोवर सकाळी दहा ते चार तिला गच्चीवर सोडायचं नाही असं ठरलंय, आणि गच्चीच्या दारासाठी मी कॅनव्हास कापून ठेवलं आहे.